आखाडातला गोळा

"हात इथं ठेवा," डॉक्टर म्हणाले.

प्रमोदिनीने हात पुढे केला, पण सासूच्या उघड्या पोटाच्या वीतभर वर तो तसाच थांबला. शेवटी नर्सबाईंनी तिचं मनगट धरून तो खाली टेकवला.

"उजव्या अंगाला, बरगडीच्या खाली. दाबू नका. कळ आली की हाताखाली काहीतरी घट्ट होईल, कळ ओसरली की सैल पडेल. सैल पडायचं थांबलं, नाहीतर सगळंच पोट फळीसारखं ताठ झालं, तर मला हाक मारायची. मी आत तयारीला लागतो. माणसं कमी आहेत आमच्याकडे. तोवर तुमचा हात तोच माझा हात."

डॉक्टर वसंतराव बाह्या सरसावत आत गेले. नर्सबाई हत्यारं उकळायला गेल्या. खाटेवर गजराबाई आणि खाटेशेजारी त्यांची सून, एवढ्याच दोघी उरल्या. गजराबाईंचे डोळे मिटलेले होते. ओठांवर पांढरी साय धरली होती आणि कपाळावरचं हिरवं गोंदण घामाने चकाकत होतं.

मग तो आला.

गोधडीखाली झोपलेलं माणूस कूस बदलतं तसं तळव्याखाली काहीतरी वळलं. आधी नुसती हालचाल, मग कड, मग कच्च्या केळाएवढा लांबोळका, किंचित वाकलेला, घट्ट जिन्नस. गजराबाईंनी दात आवळले. त्यांच्या घशातून आवाज आला तो कण्हण्याचा नव्हता. ओझं डोक्यावर घेताना बाई करते तसा होता.

दोन वर्षं गोळा हा शब्द त्या घरात मिठासारखा रोजचा होता. हाताला तो आज पहिल्यांदा लागत होता. प्रमोदिनीच्या तोंडून निघून गेलं,

"खराच की."

गजराबाईंनी डोळे उघडले. सुनेकडे पाहिलं. हाताखालचं ते घट्ट झालेलं हळूहळू—

•

माकणीत गोळा म्हटलं की लोकांना गजराबाईंचाच आठवे.

"पोटात गोळा आला" असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या ते रझाकारांच्या साली. मालक कडब्याच्या गंजीत लपलेले, आणि दारावर काठ्या आपटत होत्या. तो गोळा भ्याचा होता. पोटात गोळा भ्यानेही येतो, वायूनेही येतो. दोन्हींना शब्द एकच, आणि ऐकणारा आपल्या सोयीचा तो घेतो. पुढे मालक तापाने गेले. एकुलता बब्रुवान एसटीवर कंडक्टर लागला आणि निम्म्या रात्री धाराशिवला नाहीतर लोहाऱ्याला काढू लागला. घरात म्हैस, गजराबाई आणि रात्री कडी लावल्यावर येणारा शांतपणा. मग बब्रुवानने तुळजापूरच्या मास्तरांची मुलगी केली. सातवी फायनल पास. तिचं नाव गावाच्या तोंडात बसेना. प्रमोदिनीची परमुदी झाली.

"गावात पोरींची शाळा निघणारच," बब्रुवान लग्नाआधी म्हणाला होता. "लातूरला बायकांचं ट्रेनिंग असतं. तेवढं कर. मास्तरीण होशील."

लग्नानंतर वर्ष झालं आणि गजराबाईंचा गोळा परत सुरू झाला. शेणी थापताना यायचा, देवळात यायचा, जेवत्या ताटावर यायचा. बाई दुमडून पडायची, ओकायची, घामाने भिजायची. गाडी जुंपून लोहाऱ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत मात्र गोळा गायब. तिथले डॉक्टर पोट चाचपत. वर, खाली, कुशीत.

"कुठंय गोळा, बाई?"

"आत्ता व्हता की वो. फाट्यापस्तोर व्हता."

"मग फाट्यावर उतरला असंल," डॉक्टर हसत आणि गुलाबी औषधाची बाटली देत.

परतीच्या गाडीत गजराबाई ताठ बसत. दुखत नव्हतं याचीच त्यांना लाज वाटे.

प्रमोदिनीला मात्र कशाची लाज वाटावी तेच कळेना. गेल्या आखाडापासून तर गावानेच निकाल देऊन टाकला होता. शेजारची नागूबाई उंबऱ्यातून विचारायची, "काय गं परमुदे, आज कुटं जायचा बेत हाय का? न्हाय, सासूचा गोळा बसलाय का उठलाय म्हनून इचारलं." आणि पाणवठ्यावर बायका हसत. सुनेने पिशवी भरली की सासूच्या पोटात गोळा. म्हणच झाली होती.

परवा सकाळी गजराबाई ओसरीवरून म्हणाल्या, "परमुदे, गोळा आला गं."

प्रमोदिनी अंगण झाडत होती. केरसुणी थांबली नाही.

"येऊ द्या. आला तसा जाईल."

संध्याकाळी हिरवं ओकून पडलं. तिने वर राख टाकली, "शिळं खाल्लं असेल," म्हणाली आणि पाणी आणून ठेवलं. ठेवलं, पाजलं नाही. रात्र गेली. काल दिवसभर गजराबाई भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. एकदा म्हणाल्या, "बबऱ्याला बोलव." प्रमोदिनी म्हणाली, "त्यांची ड्यूटी आहे." आज सकाळी सासूचं लुगडं घेऊन ती ओढ्यावर गेली. दगडावर पसरलं तेव्हा दिसलं. रक्त मिसळलेला शेंबूड, पिकल्या जांभळाच्या रंगाचा. पाण्याने तो हलेना.

ते ओलं लुगडं तसंच हातात घेऊन ती घरापर्यंत धावली. नागूबाईला वाटलं ओढ्यात कोणी बुडालं.

गाडी जुंपून लोहाऱ्याला आणलं तेव्हा धाराशिवला जाणारी बब्रुवानचीच मोटार सुटायच्या बेतात होती. त्याने आईला मागच्या बाकावर निजवलं, डोकं बायकोच्या मांडीवर दिलं आणि घंटी मारली. मग सवयीने आईचं तिकीट फाडलं, पंच केलं आणि ते कोणाला द्यावं न कळून स्वतःच्या खिशात घातलं.

"वायगोळा हाय," एक फेटेवाला म्हणाला. "हिंग चोळा."

"हिंगानं काय हुतंय? बिब्ब्याचा डाग द्या बेंबीच्या चार अंगाला."

"बेंबी सरकली असंल वो. आमच्या मावशीची सरकली व्हती, तिला उलटी टांगली."

"मग?"

"मग काय, मेली. पर बेंबी जागेवर आली."

"ए, गप बसा की जरा!" पुढून धुळाप्पा ड्रायव्हर ओरडला. "आक्का, खड्डा आला की मी हाळी देतो. पोट धरून ऱ्हावा!"

आणि तो खरंच देत राहिला. धाराशिव येईपर्यंत. खड्डा, आक्का. खड्डा. प्रत्येक हाळीला गजराबाई पोट धरत आणि प्रमोदिनी त्यांचे हात धरी. एवढ्या वाटेत तिने पोटाला हात लावला नव्हता. हातांनाच धरलं होतं.

•

—सैल पडलं. पण पुरतं नाही. आत कुठेतरी तो होताच. नुसता दम घेत होता.

डॉक्टर परत आले. त्यांनी तिचा हात बाजूला करून आपला ठेवला, मग पुन्हा तिचा ठेवायला लावला. बब्रुवान दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. त्याच्याकडे पाहून डॉक्टर बोलू लागले.

"माझ्या अंदाजाने आतड्यात आतडं शिरलंय." त्यांनी आपल्या सदऱ्याच्या बाहीचं टोक चिमटीत धरलं आणि बाही आतल्या आत ओढली. "असं. आत जातं, अडकतं, कधी आपोआप सुटतं. सुटलं की पोट रिकामं. तपासणाऱ्याला काही सापडत नाही. लहान पोरांत मी हे पाहिलंय. मोठ्या माणसात क्वचित, आणि मोठ्यात बहुतेक वेळा टोकाला काहीतरी असतं. एखादी गाठ. ती पुढे सरकते आणि मागचं सगळं ओढून नेते."

लेंग्याला नाडी ओवताना टोकाची गाठ मध्येच अडकते आणि नेफा गोळा होत आत जातो, तसं असणार. प्रमोदिनीला ते चित्र बाहीपेक्षा लवकर दिसलं.

"मग आता वढून काडनार?" बब्रुवानने विचारलं.

"ओढायचं नाही. गाठ कसली आहे ते ठाऊक नाही. वाईट असली तर ओढण्याने पसरेल. आणि आतला भाग काळा पडला असला तर हातात फाटेल. तेवढा तुकडाच काढायचा आणि दोन्ही तोंडं शिवायची. अर्थात हा सगळा अंदाज. खरं काय ते उघडल्यावर."

"आन् न्हाय उघडलं तर?"

डॉक्टरांनी बाही सरळ केली.

"सूनबाई, तुम्ही घरात असता. याआधी गोळा यायचा तेव्हा उलटी व्हायची? प्रत्येक वेळी?"

"व्हायची," प्रमोदिनी म्हणाली. मग थांबली. "एकदा नव्हती झाली."

तिच्या हाताखाली गजराबाईंचा श्वास वर आला आणि तिथेच राहिला.

"बरं. आणि गोळा हाताला लागायचा?"

"हात एकदाच लावला होता. आखाडात."

"मग?"

श्वास अजून वरच होता. डोळे मिटलेले. कळ नव्हती, घट्टपणा सैलावलेला होता. तरी पोट खाली येईना.

"तेव्हा तर हे पोट—"

•

आखाडात लातूरहून बोलावणं आलं होतं. त्याच दिवशी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. पत्र्याची पेटी ओसरीवर आणून ठेवलेली, वर शिदोरीचं फडकं. आडवाटेची मोटार ओढ्यापलीकडे लागलेली. बब्रुवान त्या दिवशी नेमका नळदुर्गच्या फेरीवर.

"परमुदे, गोळा आला गं."

गजराबाई चुलीपुढेच आडव्या झाल्या. प्रमोदिनीने पेटी खाली ठेवली. तिने हिंग पाण्यात कालवून कोमट केला आणि सासूच्या बेंबीभोवती तो लेप चोळू लागली. वर बरगड्यांपर्यंत, खाली ओटीपोटापर्यंत, दोन्ही कुशींना. सगळं पोट तिने तळव्याखालून घातलं. पोळीसाठी मळून झाकून ठेवलेल्या कणकेसारखं होतं ते.

"कुठं आहे, आत्याबाई?"

"वर. आणिक वर. आगं आई गं. आता खाली उतरला."

ओढ्यापलीकडे मोटारीचा भोंगा वाजला. पुन्हा वाजला. प्रमोदिनीचा हात फिरत राहिला. मग इंजिनचा आवाज चढला, वळणावर बारीक झाला आणि विरला. तेव्हा कुठे गजराबाई म्हणाल्या, "आता जरा बरं वाटतंय बघ."

उठून त्यांनी म्हशीची धार काढली. दुपारी ठेच्याशी भाकरी खाल्ली, आणि आणखी अर्धी मागून घेतली.

प्रमोदिनीने पेटीतली पातळं पुन्हा दांडीवर टाकली. ती रडली नाही. फक्त त्या दिवसानंतर गोळा आला म्हटलं की तिचा हात केरसुणीवर असला तर केरसुणीवर राही, जात्यावर असला तर जात्यावर. हा खोटा, तर मागचेही खोटे. मागचे खोटे, तर पुढचेही.

•

"—मऊ होतं," प्रमोदिनी म्हणाली.

"असेल," डॉक्टर म्हणाले. "येतो-जातो तो. तुम्ही हात लावलात तेव्हा नेमका गेला असेल."

गजराबाईंचा श्वास खाली आला.

मग त्यांना आत नेलं. दाराला पांढरं फडकं लावलेलं होतं, त्यामागून ईथरचा गोडसर वास येत राहिला. बाकावर बब्रुवान बसला होता आणि त्याच्या हातात तिकिटाचा पंच होता. टक. टक. टक.

"थांबवा ना ते."

थांबवला. थोड्या वेळाने आपोआप परत सुरू झाला.

प्रमोदिनी बसल्या बसल्या गोळे निवडत होती. सुपात जोंधळे घेऊन खडे निवडावेत तसे. शेणी थापतानाचा, खरा. त्यात त्या ओकल्या होत्या. देवळातला, खरा. संक्रांतीचा, खरा, तेव्हा ती वाण लुटायला निघायच्या आधीच त्या दुमडून पडल्या आणि नागूबाईने टाळी वाजवली होती. लोहाऱ्याचे सगळे खरे. परवाचा खरा. निवडता निवडता सुपात एकच वेगळा उरला. जो खोटा होता तेवढ्यालाच तिने हात लावून पाहिलं होतं. खऱ्यांकडे पाठ केली होती.

आणि आता तो एक कुठे ठेवायचा ते तिला कळेना.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजलेली होती. हातात पांढरी चिनी थाळी. बब्रुवानने मान फिरवली. प्रमोदिनीने पाहिलं. काळपट, फुगलेला आतड्याचा तुकडा, उभा चिरलेला, आणि आतल्या बाजूला देठाला लिंबू लोंबावं तशी पिवळी गाठ.

"हिनेच केलं सगळं," डॉक्टर म्हणाले. "चरबीची वाटते मला. पुण्याला पाठवतो तपासायला, तोवर नक्की म्हणणार नाही. चांगल्या आतड्यापर्यंत कापून शिवलंय. आता टाके धरायला हवेत. पोट चालू व्हायला हवं. तोंडाने थेंबही द्यायचा नाही."

"म्हंजे टायमात आलो आमी," बब्रुवान म्हणाला.

डॉक्टरांनी थाळी दुसऱ्या हातात घेतली.

"काल आणलं असतं तर?" प्रमोदिनीने विचारलं.

"तर तुकडा लहान निघाला असता."

त्यांनी ते सहज सांगितलं. तिला थाळीतला तुकडा आता दोन भागांत दिसू लागला. एवढा आजाराचा. एवढा केरसुणीचा.

•

टाके धरले. मध्ये ताप चढला आणि डॉक्टरांनी दोनदा पट्टी सोडून पाहिली, नाकातली नळी काढावी की ठेवावी यावर नर्सबाईंशी वाद घातला. पण एका सकाळी गजराबाईंच्या पोटात गुरगुर झाली आणि नर्सबाई हसल्या. पुण्याहून निरोप आला. चरबीचीच.

माकणीहून माणसं आली. नागूबाईने लिंबाचं लोणचं आणलं होतं, ते नर्सबाईंनी दारातच ठेवून घेतलं. धुळाप्पा खाकी कपड्यांवरच आला होता.

"काय आक्का, गोळा उतरला म्हनं. कुटल्या फाट्यावर?"

"डाक्टरनं उतरवला," गजराबाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण त्यात जुनी धार परत येत होती. "ताटलीत काडून दावला सगळ्यास्नी. लिंबाएवडा. आन् तुमी म्हनत व्हता सोंग."

"आगं बया," नागूबाई म्हणाली. "म्या कवा म्हनलं?"

"तूच म्हनत व्हतीस! पानवठ्यावर. समदं कळतंय मला. डाक्टर म्हनला, आत जायचा आन् भाईर यायचा म्हनून गावत न्हवता. समदे खरे व्हते. इचार परमुदीला. तिच्याम्होरं सांगितलं."

सगळ्यांनी प्रमोदिनीकडे पाहिलं. ती मोसंबं सोलत होती. गजराबाईंनीही पाहिलं, पण त्यांचं पाहणं बाकीच्यांसारखं नव्हतं. आपण उडी तर मारली आणि खाली पाणी आहे का, असं ते होतं.

"व्हय गं परमुदे?" नागूबाईने विचारलं. "समदे?"

फोडीवरची पांढरी साल प्रमोदिनीने नखाने सोडवली.

"समदे," ती म्हणाली.

नागूबाईने कानशिलावर बोटं मोडली. धुळाप्पा म्हणाला, "घ्या. उगं गरीब बाईला बदनाम केलं गावानं." माणसं उठली. बब्रुवान त्यांना मोटारीवर घालायला गेला.

खिडकीतून ऊन खाटेच्या पायथ्याशी आलं होतं. प्रमोदिनीने मोसंब्याचा रस वाटीत पिळला आणि चमचा भरून पुढे केला.

"तोंड उघडा."

गजराबाईंनी घेतला. गिळला.

"व्हय म्हनलीस तू."

"म्हणाले."

"का गं?"

प्रमोदिनीने चमचा पुन्हा भरला. तो वाटीच्या काठावर निपटला, एक थेंबही सांडू दिला नाही.

"लातूरला नाव परत घातलंय यांनी," ती म्हणाली. "जागा मिळेल असं म्हणतात."

"कवा जायचं?"

"आखाडात."

गजराबाईंचा हात पांघरुणावर होता. तो सरकला. बोटं आधी सरकली, मग तळवा. आणि पोटाच्या उजव्या अंगाला, बरगडीच्या खाली जाऊन थांबला. दोघींनीही त्या हाताकडे पाहिलं. जणू तिसऱ्याच कोणाचा तो होता.

"दुखतंय?" प्रमोदिनीने विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच विचारावं लागलं. यापुढे प्रत्येक वेळी लागणार होतं.

गजराबाईंचे ओठ हलले. मग त्यांनी आपला हात उचलून बाजूला ठेवला आणि दुसऱ्या हाताने पांघरूण आपणच खाली सारलं.

प्रमोदिनीने चमचा वाटीत ठेवला. हात पदराला पुसला, दोन्ही तळवे एकमेकांवर घासून ऊन केले, आणि टाक्यांच्या ताज्या वळापासून जपून एक हात तिथे टेकवला. वर. आणखी वर. मग खाली.

पोट मऊ होतं.

तिने हात लगेच काढला नाही.